मालेगावचा सुपरमॅन आणि माझे हिरवे कापड

२०२५ च्या उन्हाळ्याच्या सुट्टीत आमच्या घरी एका कापडावरून मोठे भांडण झाले.

मी नाशिकरोडला राहते आणि घरीच शिवणकाम करते. फॉल-पिको, ब्लाऊज, परकर, जुने कपडे उसवून बेताचे करणे, जे येईल ते काम घेते. त्या आठवड्यात एका लग्नघरचे परकर माझ्याकडे आले होते. त्यातले पोपटी हिरव्या रंगाचे पाच मीटर कापड मी धुऊन, वाळवून, घडी घालून ठेवले होते. बाजारातून परत येऊन पाहते तो काय, ते कापड भिंतीवर खिळे ठोकून ताणलेले! माझा धाकटा मुलगा त्याच्यापुढे हात पसरून उभा होता आणि त्याचा मित्र मोबाईलवर त्याचे चित्रण करीत होता.

माझ्या तोंडून काय काय निघाले ते येथे लिहीत नाही. कापडाला चौदा भोके पडली होती, चुन्याचे डाग पडले होते. गिऱ्हाइकाला ते कापड मला भरून द्यावे लागले. चार दिवसांची कमाई गेली. मुलगा मान खाली घालून एवढेच म्हणाला, "आई, मालेगावच्या लोकांनी असंच हिरवं कापड लावून सुपरमॅन उडवला होता." त्याचे वडील कॉटवर बसून तंबाखू मळत होते. ते म्हणाले, "त्यांचा सुपरमॅन उडाला, तुझं दहावीचं वर्ष उडेल." मुलगा उठून बाहेर गेला. दोन दिवस तो आमच्याशी बोलला नाही.

तिसऱ्या दिवशी मालेगावहून माझ्या थोरल्या बहिणीचा फोन आला. तिच्या नातवाचे नामकरण होते. मी मुलाला म्हटले, "चल, तुझं ते मालेगाव तरी दाखव मला." त्याचा चेहरा एकदम उजळला. त्या क्षणी मला माझ्याच रागाची थोडी लाज वाटली.

मनमाडमार्गे मालेगाव

नाशिकहून मालेगावला आग्रा रोडने थेट बस जाते. पण मुलाला गाडीची हौस म्हणून आम्ही रेल्वेने मनमाडला गेलो. निफाडची द्राक्षे संपली होती, लासलगावला कांद्याचा वास डब्यात शिरला. मनमाड जवळ आले की 'हडबीची शेंडी' दिसू लागते. अंगठा वर केल्यासारखा तो उघडा सुळका. मुलाने खिडकीतून त्याचा फोटो काढला आणि म्हणाला, "हा मागे लावला तर खरंच उडाल्यासारखं वाटेल." म्हणजे डोक्यातून काही गेलेले नव्हते!

मनमाडहून मालेगाव एसटीने तासाभराचे अंतर. उन्हाने रापलेली माळराने, मध्येच डाळिंबाच्या बागा. शहरात शिरताच बसच्या घरघरीबरोबर आणखी एक आवाज ऐकू येऊ लागतो. खटाक्-खटाक्, खटाक्-खटाक्. हा यंत्रमागांचा आवाज. जुन्या मालेगावात तो गल्लीगल्लीतून येतो. दिवसा येतो, रात्रीही येतो. माझी बहीण म्हणते, "आवाज थांबला की आम्हाला जाग येते."

मालेगाव मोसम नदीच्या दोन्ही काठांवर वसले आहे. एका बाजूला कॅम्प आणि संगमेश्वर, दुसऱ्या बाजूला विणकरांची जुनी दाट वस्ती, आणि दोहोंना जोडणारा मोसम पूल. नदीकाठी नारोशंकर राजेबहाद्दरांनी अठराव्या शतकात बांधलेला भुईकोट किल्ला आहे. १८१८ मध्ये इंग्रजांनी वेढा घालून तो घेतला. पुढे १८५७ च्या उठावानंतर आणि दुष्काळांच्या काळात उत्तरेकडून मोमीन विणकरांची कुटुंबे पोटासाठी चालत चालत येथपर्यंत आली. बरोबर काय आणले? हातातली कला. आधी हातमाग होते, विसाव्या शतकात त्यांची जागा यंत्रमागांनी घेतली, आणि मालेगाव मागांचे शहर झाले.

बाहेरच्या माणसाला मालेगाव म्हटले की दंगली आठवतात, नाहीतर ८ सप्टेंबर २००६ आणि २९ सप्टेंबर २००८ चे बॉम्बस्फोट. मलाही तेच आठवायचे. बहिणीला तेथे दिल्यावर आई कितीतरी रात्री झोपली नव्हती. पण या गावाची आणखी एक ओळख आहे, आणि ती मला माझ्या मुलाने करून दिली.

आठवडाभर माग, शुक्रवारी सिनेमा

माझे दाजी मागाच्या मोटारी दुरुस्त करतात. जळालेली मोटार उघडून तांब्याची तार पुन्हा गुंडाळायची, हे त्यांचे तीस वर्षांचे काम. गुरुवारी संध्याकाळी ते आम्हाला त्यांच्या ओळखीच्या एका कारखान्यात घेऊन गेले. कारखाना म्हणजे पत्र्याचे छप्पर असलेली लांबट खोली, त्यात दाटीने लावलेले माग. आत बोललेले ऐकू येत नाही, सगळे खुणांनी. उभा ताणा बीमवरून उलगडत येतो, आडवा बाणा घेऊन धोटा इकडून तिकडे धडकतो. कांडी संपली की माग थांबवायचा, नवी कांडी घालायची, धागा तुटला तर गाठ मारायची. एक माणूस एकाच वेळी अनेक माग सांभाळत होता. बारा बारा तासांची पाळी असते आणि मजुरी विणलेल्या कापडावर मिळते. भुवयांवर, पापण्यांवर कापसाचे बारीक तंतू बसलेले. पुष्कळांच्या गालात तंबाखूची गोळी होती. रात्रपाळीला झोप येऊ नये म्हणून, असे दाजींनी बाहेर आल्यावर सांगितले.

मुलाने एका वयस्कर कारागिराला विचारले, "चाचा, हे कापड कोण घालतं?" चाचा हसले. म्हणाले, "हमको क्या मालूम बेटा. कोरा बनता है, कोरा चला जाता है."

ते वाक्य माझ्या मनात रुतून बसले. रंग नाही, छाप नाही, असे कोरे कापड येथे विणले जाते आणि बहुतेक बाहेरगावी जाते. दुसरीकडे त्याला रंग चढतो, दुसराच कोणी ते अंगावर घालतो. मी जन्मभर कापडावर काम केले. पण ज्याने ते विणले त्याचा विचार माझ्या मनात कधी आला नव्हता.

शुक्रवारी सकाळी जाग आली ती शांततेने. माग बंद होते. शुक्रवार हा मागवाल्यांच्या सुट्टीचा दिवस. नमाज, अंघोळ, बाजार, आणि पूर्वी त्यानंतर सिनेमा. दाजी सांगत होते, "आठवडाभर कानात खटखट. शुक्रवारी तीन तास तरी दुसरं काही ऐकू यावं म्हणून माणसं थिएटरला पळायची." ज्यांना थिएटर परवडत नसे त्यांच्यासाठी व्हिडिओ पार्लर होते. एक खोली, एक टीव्ही, एक व्हीसीआर आणि खाली बसलेली माणसे.

असेच एक पार्लर नासिर शेख हा तरुण चालवीत असे. तो चार्ली चॅप्लिन, ब्रूस ली यांच्या चित्रपटांतले तुकडे काढून, जोडून लोकांना दाखवू लागला. जोडण्यासाठी यंत्रे कोणती? दोन व्हीसीआर! एकावर मूळ कॅसेट चालवायची, दुसऱ्यावर हवा तेवढा भाग उतरवून घ्यायचा आणि नेमक्या क्षणी बटण दाबायचे. चुकले तर पुन्हा पहिल्यापासून. शिवणात उसवता तरी येते, येथे तेही नाही. शिवाय प्रत्येक उतरवणीत चित्र आणखी थोडे पुसट होते. या हातखंड्यातून आणि लग्नाच्या चित्रीकरणाच्या अनुभवातून त्याच्या मनात आले की, आपणच सिनेमा का बनवू नये?

सायकलवरचे डाकू

१९७५ चा 'शोले' तुम्ही-आम्ही सर्वांनी पाहिला आहे. त्याला त्या काळी सुमारे तीन कोटी रुपये लागले होते. 'मालेगाव के शोले' हा २००० साली सुमारे पन्नास हजार रुपयांत झाला. कलाकार कोण? मागवाले, छोटे दुकानदार, मित्रमंडळी. घोडे परवडत नव्हते म्हणून डाकू सायकलवरून आले. बसंतीचे नाव बासमती झाले.

दाजींनी तो तेव्हा पार्लरमध्ये पाहिला होता. सांगताना त्यांना हसू आवरेना. "डाकू सायकलवरून आले तशी सगळी खोली उठून उभी राहिली. अहो, आमच्या गल्लीतली सायकल! पडद्यावर!" ते हसण्याचे थांबले आणि मग हळूच म्हणाले, "तोपर्यंत पडद्यावरची माणसं वेगळी आणि आम्ही वेगळे, असंच वाटायचं."

चित्रीकरणाची साधनेही अशीच घरगुती. कॅमेरा पुढे सरकत न्यायचा तर मोठ्या स्टुडिओत रुळांवरची ट्रॉली असते. येथे कॅमेरावाला सायकलवर बसे आणि दुसरे दोघे सायकल ढकलीत. कॅमेरा उंच न्यायचा तर क्रेन लागते. येथे क्रेन म्हणजे बैलगाडी! हे मला समजेना, तेव्हा दाजींनी आम्हाला कॅम्पाच्या पुढे एका ओळखीच्या शेतकऱ्याच्या खळ्यात नेले. बैल सोडलेली गाडी तेथे उभी होती. मुलाला त्यांनी जुवाच्या टोकाला बसवले, हातात मोबाईल दिला आणि आम्हा दोघी बहिणींना मागची बाजू खाली दाबायला सांगितली. बैलगाडी दोन चाकांच्या आसावर तोललेली असते. मागची बाजू दाबली की पुढची वर जाते, लहान मुलांच्या सी-सॉसारखी. आम्ही दाबले आणि मुलगा अलगद वर वर गेला. दूरची घरे, मशिदीचे मिनार, मोसमचे कोरडे पात्र त्याच्या मोबाईलमध्ये उतरत गेले. आम्ही सोडताना दाजी ओरडत होते, "हळू, हळू! सिनेमा आहे, भुसा उतरवत नाही आपण!" माझी पन्नाशीतली बहीण पोट धरून हसत होती. एवढी हसलेली मी तिला लग्नानंतर पाहिली नव्हती.

उडणारा मागवाला

नंतर नासिर शेख यांनी सुपरमॅन घ्यायचे ठरवले. सुपरमॅन झाला शफीक शेख, एक हडकुळा मागवाला. या चित्रीकरणावर फैझा अहमद खान यांनी 'सुपरमेन ऑफ मालेगाव' हा माहितीपट २००८ साली केला, तो देशोदेशी दाखवला गेला. बहिणीच्या घरी आम्ही सर्वांनी मिळून तो पाहिला. माझे लक्ष अर्थातच कपड्यांकडे. निळा अंगरखा, लाल चड्डी, पाठीवर लाल कापड, आणि चड्डीची नाडी पुढे लोंबते आहे! परदेशातल्या सुपरमॅनला नाडी नसते. पण नाडी शिवणाऱ्या बाईला त्या लोंबत्या नाडीने जेवढे आपलेसे वाटले तेवढे दुसऱ्या कशानेही वाटले नसते.

उडण्याची युक्ती हिरव्या कापडात आहे. मुलाने ती मला समजावून सांगितली. ट्रकच्या अंगाला हिरवे कापड ताणायचे, त्याच्यापुढे दांड्याच्या आधाराने माणसाला आडवा धरायचा, ट्रक चालवायचा म्हणजे पाठीवरचे कापड वाऱ्याने फडफडते. मग संगणकाला सांगायचे, "चित्रात जेथे जेथे हा हिरवा आहे, तेथून तो काढ आणि तेथे आकाश लाव." संगणक माणूस ओळखत नाही, रंग ओळखतो. म्हणून नटाच्या अंगावर तो हिरवा नको. कापडाला सुरकुती पडली की तेथे छाया पडते, हिरव्याचे दोन-तीन हिरवे होतात आणि युक्ती फसते. म्हणून कापड ताणलेले हवे, उजेड सगळीकडे सारखा हवा आणि माणूस कापडापासून चार पावले पुढे हवा. निळ्या अंगरख्याच्या सुपरमॅनमागे निळा पडदा लावला तर अंगरखाच नाहीसा होईल, म्हणून हिरवा. मी ऐकतच राहिले. माझ्या परकराच्या कापडामागे एवढा विचार होता, आणि मी त्याला नुसता उनाड म्हटले होते.

ट्रकवर बांबू आणि थर्माकोलचा देखावा उभा करणारी पोरे आपल्याही गल्लीत असतात. चौदा एप्रिलच्या आधी आठ रात्री ती झोपत नाहीत. त्यांना कोणी शिकवलेले नसते. तुटले तर जोडायचे, नसेल तर दुसऱ्या कशाचे तरी करायचे, हीच त्यांची शाळा. मालेगावचे लोक त्याच शाळेतले. सुपरमॅनच्या चित्रीकरणात कॅमेरा पाण्यात पडला, काम थांबले. मध्येच शफीकचे लग्न निघाले, पुन्हा थांबले. तरी सिनेमा पुरा झाला.

सुपरमॅनची मूळ गोष्टही शिवणयंत्रापासून फार लांब नाही. अमेरिकेत जेरी सीगल आणि जो शुस्टर या दोन ज्यू तरुणांनी तो निर्माण केला. जून १९३८ च्या चित्रकथांच्या अंकात तो पहिल्यांदा छापून आला. शुस्टरचे वडील शिंपी होते, सीगलच्या वडिलांचे कपड्यांचे दुकान होते. घरात कागदाला पैसे नसत, तेव्हा लहानपणी शुस्टर भिंतीवर चिकटवायच्या कागदाचे टाकाऊ तुकडे आणून त्यावर चित्रे काढी. या दोघांनी सुपरमॅनचे सारे हक्क १३० डॉलरला देऊन टाकले. त्यावर पुढे इतरांनी अमाप पैसा मिळवला, आणि या दोघांना वार्षिक मानधन व निर्माते म्हणून पुन्हा नाव मिळायला १९७५ साल उजाडले. विणणारा एक, घालणारा दुसरा, ही गोष्ट मालेगावातच घडते असे नाही.

म्हणून मला वाटते, मालेगावने नुसती नक्कल केली असे म्हणणे बरोबर नाही. शिंप्याच्या पोराने काढलेला सुपरमॅन जगभर फिरून मागवाल्याच्या घरी आला. आठवडाभर दुसऱ्यासाठी कोरे कापड विणणाऱ्याने एक दिवस रंगीत कापड स्वतःच्या पाठीवर बांधले.

एक गोष्ट मात्र मला बोचली. या सिनेमांत मालेगावची बाई नाही. घरच्यांना चालत नाही म्हणून बायकांच्या कामासाठी नट्या बाहेरगावाहून आणाव्या लागत. ज्या घरांत बायका पहाटेपासून राबतात, त्या घरांतली एकही बाई त्या पडद्यावर दिसू नये? मी हे बोलले तेव्हा बहीण म्हणाली, "बैलगाडीची क्रेन आज कोणी दाबली? आपणच ना!" ते खरेच होते. पण तेवढ्यावर समाधान मानावे असे मला अजूनही वाटत नाही.

राहिलेली गोष्ट

माहितीपट संपल्यावर मी विचारले, "हा शफीक आता काय करतो?"

दाजी गप्प झाले. शफीक शेख २०११ साली तोंडाच्या कर्करोगाने गेला. भर तारुण्यात. 'सुपरमेन ऑफ मालेगाव' हा माहितीपट आपल्याकडे थिएटरांत लागला तो जून २०१२ मध्ये. पडद्यावर उडणाऱ्याला ते पाहायला मिळाले नाही. पुढच्याच महिन्यात, जुलै २०१२ मध्ये, महाराष्ट्रात गुटख्यावर बंदी आली. पण तंबाखूची पुडी तेव्हाही मिळत होती, आजही टपरीवर मिळते. आपल्या देशात तोंडाच्या कर्करोगाचे मोठे कारण ही चघळायची तंबाखूच आहे. रात्रपाळीचा मागवाला, हमाल, ड्रायव्हर, बांधकामावरची बाई, कोणाच्या गालात ती नाही? भूक मरते, झोप उडते, म्हणून ती धरतात. मग ती माणसाला धरते.

मी मुलाकडे पाहिले. तो मोबाईल खाली ठेवून जमिनीकडे पाहात होता. आम्हा दोघांच्याही मनात कॉटवर बसलेला एकच माणूस होता. पण बोललो नाही.

नासिर शेख आणि त्यांच्या मित्रांवर रीमा कागती यांनी 'सुपरबॉईज ऑफ मालेगाव' हा हिंदी चित्रपट काढला. तो सप्टेंबर २०२४ मध्ये टोरांटोच्या महोत्सवात आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये आपल्याकडे लागला. माझ्या मुलाने मित्राच्या मोबाईलवर पाहिला तो हाच. व्हिडिओ पार्लर आता राहिले नाहीत. मालेगाव-खानदेशाकडच्या विनोदी फिती यूट्यूबवर कोट्यवधी वेळा पाहिल्या जातात. साधने बदलली, हौस तीच आहे.

शनिवारी पहाटे माग पुन्हा सुरू झाले. निघताना दाजींनी मुलाच्या हातात जुन्या मोटारीचे एक बेअरिंग ठेवले. "याच्यावर फळी बसव, मोबाईल गोल फिरवता येईल," म्हणाले. बहिणीने मला अडीच मीटर कोरे कापड दिले.

भिंतीवर पुन्हा हिरवे कापड

घरी आल्यावर मी ते भोके पडलेले हिरवे कापड काढले. चौदा भोकांचा भाग कापून टाकला, उरलेले तुकडे जोडले. दुहेरी शिवण घातली असती तर उभी रेघ उठून सावली पडली असती, म्हणून एकेरी शिवण घालून ती फाकवली आणि दोन्ही बाजूंनी इस्त्री फिरवली. मुलगा पाहात उभा होता. मी म्हटले, "खिळे ठोकायचे नाहीत. वर नेफा शिवलाय, त्यात पडद्याची सळई घाल. आणि हे सगळं रविवारी. बाकीचे सहा दिवस अभ्यास." त्याने एवढ्या वेगाने मान डोलावली की मला हसू आले.

वाचक भगिनींनो, मुलांनी घरात पसारा केला की आपला जीव वैतागतो. दहा बाय बाराच्या खोलीत पसाऱ्याला जागा कोठे असते? पण त्या पसाऱ्यात मूल काय जोडू पाहते आहे, हे ओरडण्याआधी एकदा विचारावे. माप घेणे, उजेड पाहणे, चार जणांत काम वाटून घेणे, फसले की पुन्हा करणे, हे सगळे त्यात येते. मी विचारले नाही आणि पाच मीटर कापडाबरोबर मुलाचे दोन दिवसांचे बोलणेही घालवले.

रविवारी चित्रीकरण झाले. स्टुलावर हिरव्या कापडाचा तुकडा टाकला आणि त्यावर पोट टेकून मुलगा आडवा झाला, म्हणजे स्टूल दिसणार नाही. बहिणीने दिलेल्या कोऱ्या कापडाला मी घरीच लाल रंग दिला होता, ते त्याच्या पाठीवर बांधले. मी टेबलफॅन धरला. त्याच्या वडिलांना काम एवढेच, की पडद्यापुढे उभे राहून वर बघायचे आणि म्हणायचे, "अरे, हा तर आपला पोरगा!" त्यांनी आधी नाही-नाही केले. मग चांगला इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, केस विंचरून आले आणि तेच वाक्य सहा वेळा म्हणाले.

संध्याकाळी मुलाने मोबाईलवर हिरवा रंग काढून मागे मालेगावचा किल्ला लावला. बैलगाडीच्या जुवावरून घेतलेले ते चित्र. आम्ही तिघे डोकी जवळ करून पाहू लागलो. मुलगा किल्ल्यावरून उडत गेला, लाल कापड फडफडले. खाली त्याचे वडील मान वर करून उभे. पण त्यांच्या छातीवर, डाव्या बाजूला, चौकोनी भोक पडलेले! त्या भोकातून मागची किल्ल्याची भिंत दिसत होती.

"हे काय रे?" ते म्हणाले.

मुलगा थोडा वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "बाबा, तुमच्या खिशातून पुडी बाहेर आली होती. ती हिरवी आहे. मशीनने ती कापड समजून काढून टाकली."

कोणी हसले नाही. ते चित्र त्यांनी पुन्हा एकदा लावायला सांगितले. पुन्हा भोक दिसले. त्यांनी खिशातून पुडी काढली, थोडा वेळ हातात धरली आणि माझ्या मशीनच्या खणात, तुटक्या सुयांच्या डबीशेजारी ठेवून दिली.

तंबाखू त्या दिवशी कायमची सुटली असे मी लिहिणार नाही, कारण तसे झाले नाही. एवढे सहज सुटत नाही. पण पुडी अजूनही त्या खणातच असते. हवी झाली की त्यांना माझ्याजवळ येऊन खण उघडावा लागतो, आणि पुष्कळदा ते हात मागे घेतात. पुढच्या रविवारी मुलाला तो प्रसंग पुन्हा चित्रित करायचा होता. वडील म्हणाले, "राहू दे. आहे तसाच ठेव."